काचेतली पत्रिका

वैशाख लागला की आमच्या रस्त्यावर बँडवाल्यांची तालीम सुरू होते आणि माझा मोबाईल दिवसभर टिंग टिंग करत राहतो. पत्रिका येतात. हल्ली त्या हातात येत नाहीत, फोनवर येतात. त्यात गणपती हलतो, फुलं पडतात, नवरा-नवरी हळूहळू प्रकट होतात आणि मागे सनई वाजते. मी सनई बंद करते, चष्मा लावते, फोन टेबलाच्या काचेवर उभा धरते आणि फोनकडे न बघता खाली काचेत बघते. घरातल्यांना याची सवय आहे, पाहुणे मात्र चमकतात. मागे एकदा पुतणीच्या नणंदेनं काळजीनं विचारलं, "काकू, काय सापडंना का?" सगळं सापडायलंय म्हणून तर बघते बाई, असं मी तिला सांगितलं. तिला काही ते पटलं नसावं.

आमचा छापखाना सेलूत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे छापखाना, मागे घर, मध्ये एक पडदा. कापसाच्या दिवसांत जिनिंगवाल्यांची पावतीपुस्तकं आणि लगीनसराईत पत्रिका, यावर आमचं वर्ष निघायचं. लग्न होऊन आले तेव्हा माझी समजूत अशी होती की पडद्यामागचं माझं आणि पडद्यापुढचं पुरुषांचं. पहिल्याच लगीनसराईत सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, मला हाक मारली आणि डाव्या हातात खिळे जुळवायची लोखंडी स्टिक दिली. "भाजीत मीठ टाकताना मोजतीस का? हात चालतो ना आपोआप? तसंच हाय हे," म्हणाले. तेव्हापासून मी पडद्याच्या दोन्ही बाजूंची झाले.

ज्यांनी खिळे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शिशाचा बोटाच्या पेराएवढा खिळा आणि त्याच्या टोकावर एक उलटं अक्षर. भिंतीला टेकवलेल्या लाकडी खणांत अशी हजारो अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी हाताशी. ढ, ठ, झ लांब कोपऱ्यात. उजव्या हातानं वेचायचं आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावत जायचं. ओळ डावीकडून उजवीकडेच जाते, पण अक्षरं डोक्यावर उभी असतात. शिरोरेषा खाली आणि अक्षर तिच्यावर. विहिरीच्या पाण्यात काठावरचं झाड दिसतं, अगदी तसं. आणि हे सगळं उभ्यानं. खुर्चीत बसलं की कोपऱ्यातल्या खणापर्यंत हात पोचत नाही. सकाळी भाकरी उरकून मी जी उभी राहायची ती दिवेलागणीला बसायची, आणि बसले की पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या.

अलीकडे काही हौशी मंडळी येतात, जुन्या खिळ्यांचे फोटो काढतात आणि माझ्या तोंडाकडे अपेक्षेनं बघतात. मी उसासा टाकावा, त्या काळ्या शाईच्या वासाची आठवण काढावी, असं त्यांना वाटत असतं. मला असला उसासा येत नाही. शिशानं बोटं काळी व्हायची, ती रॉकेलनं धुवायची, आणि मग त्याच हातांनी पीठ मळायचं. माझ्या भाकरीला रॉकेलचा वास येतो, असं माझे यजमान लग्नानंतर कित्येक वर्षं सांगायचे आणि तरी दोन भाकरी जास्त खायचे. ते ट्रेडल, म्हणजे पायानं चालणारं छपाईचं मशीन, चालवायचे, त्यांच्या हातांना शाईचा वास होताच, तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवायची. खिळे गेले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. हे मी हौशी मंडळींनाही सांगते, आणि ती जरा हिरमुसतात.

पण खिळे जाताना मीच जाते की काय, अशी वेळ आली होती. ती लगीनसराई मला दर वैशाखात आठवते.

त्याच्याआधी 'र'ची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडच्या पत्रिकेत माणसं फार. वराकडचे, वधूकडचे, मामा, आत्या, भावकी, निमंत्रक, व्यवस्थापक, आणि प्रत्येकाच्या नावापुढे राव. शंकरराव, किशनराव, परसरामराव. एका पत्रिकेला ओंजळभर र लागायचे. तीन-चार पत्रिका एकदम आल्या की खणाचा तळ दिसायला लागायचा. मग एक काम छापून होईपर्यंत दुसरं थांबायचं. छापून झालं की खिळे सोडायचे, म्हणजे एकेक अक्षर परत आपापल्या खणात टाकायचं, आणि मग पुढचं काम धरायचं. आधीचं सोडल्याशिवाय नवं धरायचं नाही, हा अण्णांचा नियम होता, आणि नियम नसता तरी दुसरा इलाज नव्हता. ऐन गर्दीत अण्णा जिंतूरच्या छापखान्यातून र उसने आणायचे. रुमालात बांधून, एस.टी.नं. पाऊस पडला की लग्नं थांबायची आणि रुमाल परत जायचा.

धाकटे दीर दत्ताभावजी परभणीला जाऊन-येऊन असायचे. तिथं कुणीतरी कॉम्प्युटरवर पत्रिका करायलंय, असं त्यांनी एक दिवस जेवताना सांगितलं. आता आपणही घ्यायचा, नाहीतर लोक सेलूवरून पुढे परभणीला जातील. अण्णांनी ताक पिऊन वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "बघायला जाऊ. पण जिला वापरायचाय तिला संगं घ्या." म्हणून मीही औरंगाबादला गेले.

दुकानात सफारी घातलेला माणूस होता. पंख्याखाली चार-पाच मशिनं मांडलेली. तो बोलायला लागला ते मेमरी, डिस्क, स्पीड. दत्ताभावजी मान हलवत होते. मला मान हलवण्यापुरतंही कळत नव्हतं. "काका, कलर स्क्रीन घ्या. पुढचा जमाना कलरचा आहे," तो अण्णांना म्हणाला.

"आमची शाई काळी, कागद पांढरा," अण्णा म्हणाले. "रंग काय करू? त्ये राहू द्या. यात र किती हायत, ते सांगा."

"काय किती?"

"र. अक्षर. चार पत्रिका एकदम आल्या तर पुरतेत का?"

त्या माणसानं आधी दत्ताभावजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भावजी लाजून कॅलेंडर बघायला लागले होते. मी मात्र उत्तराची वाट बघत होते, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

"काका, कितीही," तो म्हणाला.

"कितीही म्हंजे?"

त्यानं एक कळ दाबली आणि बोट तसंच ठेवलं. पांढऱ्या पडद्यावर र आला, मग र र र, ओळ भरली, दुसरी भरली, तिसरी. पडदा भरला आणि वर सरकायला लागला तरी र येतच होते. अण्णा जवळ जाऊन उभे राहिले. आयुष्यभर ज्या अक्षरासाठी त्यांनी जिंतूरच्या बस पकडल्या ते अक्षर नळाला पाणी यावं तसं येत होतं. "बस करा," ते म्हणाले. "घेतला." स्पीड, मेमरी वगैरेंबद्दल त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि परतूर गेल्यावर एकदाच बोलले, "लय मिंधा राह्यलो मी त्या र पायी."

कॉम्प्युटर आला आणि घरातल्या माणसांना मिळाला नव्हता असा मान त्याला मिळाला. पुढच्या खोलीत फळ्या ठोकून वेगळी खोली केली. खिडकीला काळं कापड लावलं, ऊन आणि धूळ आत नको म्हणून. घरातला एकुलता कूलर उचलून तिथं नेला. मग वैशाखाच्या दुपारी ज्याला त्याला त्या खोलीत काहीतरी काम निघायला लागलं. चपला बाहेर काढायच्या, आत जोरात बोलायचं नाही. सरकारी हपिसात असते तशी जाड काच भावजींनी टेबलावर टाकली आणि खाली हिरवं कापड अंथरलं. आणि एक खुर्ची आणली. फिरणारी, गादीची, हात असलेली. तिच्यावरचं प्लास्टिक मात्र काढू दिलं नाही. नवी आहे, घाण होईल, असं ते म्हणायचे. प्लास्टिकवर बसलं की घामानं चिकटायला व्हायचं, म्हणून मी ती बाजूला सारून उभीच राहायची. उभ्यानं काम करायची मला सवयच होती.

शिकवायला दुकानाचा माणूस आठवडाभर राहणार होता. पण ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा गाड्या निघतील की नाही कुणी सांगू शकत नव्हतं. गाड्या बंद व्हायच्या आत पोचतो, म्हणून तो दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन निघाला. जाता जाता एक गोष्ट बरी सांगून गेला. त्या मराठीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या कळेवर कुठलं अक्षर हवं, ते आपल्या सोयीनं ठरवता येतं.

यावर भावजींनी जी युक्ती काढली तिच्यासाठी मी त्यांचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केले आहेत. त्यांनी मला जुन्या खणांसमोर उभं केलं. "वैनी, डोळे मिटा. न कुठं हाय?" माझा हात आपोआप हवेत जायचा. "त कुठं हाय? वेलांटी?" हात जिथं जाईल ती दिशा बघून ते एका कागदावर खुणा करायचे. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, रोजचं हाताशी, अडीनडीचं लांब. शंभरावर खणांचं एवढ्याशा कळांत सगळंच बसलं नाही, जोडाक्षरांसाठी आम्हाला भांडणं करावी लागली, पण पुष्कळ बसलं. पत्रिकांच्या उरलेल्या जाड कागदाचे चौकोन कापून त्यांवर अक्षरं लिहिली आणि डिंकानं कळांवर चिकटवली. घामानं ते सुटायचे. एकदा ढ माझ्या बोटाला चिकटून स्वयंपाकघरात गेला आणि दोन दिवस आमच्याकडे ढ नव्हता. पण हात चालायला लागले. भाकरीचा रॉकेलचा वास गेला. यजमान पहिला घास खाऊन थांबले आणि म्हणाले, "आज काहीतरी कमी हाय."

हात शिकले, डोळे शिकेनात. पडद्यावर अक्षरं सरळ उभी. मी वाचायला लागले की वाचतच सुटायची. मला पुढचं माहीत असायचं, म्हणून डोळा पुढे पळायचा. खिळ्यांतलं उलटं अक्षर मी कधी वाचलंच नव्हतं, बघितलं होतं. एकेक. त्यात चूक असली तर ती खड्यासारखी टोचायची. इथं सगळं गुळगुळीत. आमच्या छापखान्याची पत्रिका चुकत नाही, असं बाजारात म्हणायचे. त्या वैशाखात लागोपाठ दोन पत्रिका गिऱ्हाइकांनी परत आणल्या. एकीत आत्याबाईंचं नाव दोनदा, एकीत आडनाव दुसऱ्याचंच. खिळा असता तर चिमट्यानं उपसून दुसरा बसवला असता. आता आमच्या कागदाची परभणीला छपाईची प्लेट व्हायची आणि पत्रिका तिथंच छापून यायच्या. प्लेट झाली की झालं. मग आम्ही सगळे बसून पेननं दुरुस्त्या केल्या. अण्णा काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला जेवणात लागायचं.

भावजी बोलले. वाईट हेतूनं नाही, पण बोलले. "वैनी, तुमी लय केलंत. पण हे काम शिकलेल्या माणसाचं हाय. परभणीला एकजण हाय, ऑपरेटर. ही सराई संपली की तो यायला तयार हाय. तुमी पावत्या-बिवत्याचं बघा." तेव्हा मला त्या खुर्चीवरच्या प्लास्टिकचा अर्थ कळला. ती माझ्यासाठी आणलेलीच नव्हती. मी पडद्यामागे गेले आणि कणीक एवढी मळली की तिची चामडी झाली. स्वयंपाकाची मला लाज नव्हती. पण या घरात मला कुणी विचारायचं ते माझ्या डोळ्यांसाठी, आणि ते डोळेच आता उपयोगाचे राहिले नव्हते.

त्याच आठवड्यात ग्यानबा आले. जिंतूरकडच्या एका खेड्यातले, मेंढरं राखणारे. मुलीचं लग्न काढलेलं. चपला बाहेर काढा म्हटल्यावर ते त्या खोलीत यायलाच तयार होईनात, दारातच उकिडवे बसले आणि नावं सांगत गेले. मी उतरून घेत होते. "बाई, जिंतूरला हाय लगीन. बाजाराच्या मागल्या मैदानात. नीट लिवा," ते म्हणाले. "माझे दोन भाऊ मेंढरं घिऊन खाली गेलेत. कुठं हायत मलाबी ठावं न्हाई. पत्रिका हातोहात जाती, ह्या मेंढवाड्यावरून त्या मेंढवाड्यावर. हातात पडली की तिथूनच निघत्यात ते. मागून निरोप धाडून उपेग न्हाई. पत्रिकेवर जे हाय, तिथंच येणार."

"तुमी काळजी करू नका," मी म्हणाले. पूर्वी हे वाक्य मी सहज म्हणायची, त्या दिवशी मला ते जड गेलं.

गर्दी फार होती म्हणून ती पत्रिका भावजींनी बसवली. आदल्या आठवड्यातली पोखर्णीची एक पत्रिका उघडली आणि तिच्यावरच नवी नावं घातली. आम्ही सगळेच तसं करायला लागलो होतो. स्टिक जशी काम झालं की मोकळी होते तसा कॉम्प्युटरही मोकळा होत असणार, अशी कुठेतरी आमची समजूत होती. आतली माणसं सोडल्याशिवाय ती जात नाहीत, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पडद्यावर ती पत्रिका वाचली आणि ठीक आहे म्हणाले. भावजींनी कागद काढला, मोठ्या पाकिटात घातला आणि दुपारच्या पॅसेंजरनं परभणीला जायला म्हणून स्टेशनकडे गेले.

मी मशीन बंद करायला थांबले. खोलीत अंधार, कूलरची घरघर, आणि पडद्याचा पांढरा उजेड टेबलावर पडलेला. कापडानं काच पुसत होते. काचेत पत्रिका दिसत होती. उलटी. शिरोरेषा खाली, अक्षरं तिच्यावर उभी, ओळ डावीकडून उजवीकडे. अगदी स्टिकमधल्यासारखी. माझा हात थांबला आणि मी न ठरवता पहिल्या ओळीपासून बघायला लागले. वाचायला नाही, बघायला. एकेक अक्षर आपापल्या जागी येऊन उभं राहत होतं. वधू, वर, मामा, भावकी, सगळे ठीक. खाली आले, लग्नस्थळ, आणि तिथं मला खडा टोचला. पोखर्णी. नृसिंहाच्या देवळासमोरची जागा. ग्यानबाच्या मुलीचं लग्न जिंतूरला आणि पत्रिका पाठवणार पोखर्णीला. परभणीच्या स्टँडवरून एक गाडी वर जाते, एक खाली. दोन भाऊ कुठल्यातरी रानातून मेंढरं सोडून निघाले असते, डोक्याला नवे पटके बांधून, आणि देवळासमोरच्या रिकाम्या जागेत येऊन उभे राहिले असते.

बाहेर आले तर माझ्या चपला जागेवर नव्हत्या, यजमान घालून कुठेतरी गेले होते. अण्णांच्या वहाणा होत्या. त्या घातल्या आणि पळत सुटले. वैशाखातली भर दुपार, डांबर वितळलेलं, आणि पायांत सासऱ्यांच्या वहाणा फटक फटक वाजताहेत. पानटपरीवरचे लोक उठून उभे राहिले. पळताना माझ्या मनात भीती होती, हे खरंच. पण भीतीच्या आत आणखी काहीतरी होतं आणि ते आनंदासारखं होतं. डोळे होते. गेले नव्हते, जागेवरच होते.

गाडी उभी होती, शिट्टी व्हायची होती. भावजी दारात उभे राहून काकडी खात होते. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या पायांतल्या वहाणा पाहिल्या, आणि त्यांच्या हातातली काकडी खाली पडली.

"वैनी... अण्णा?"

"अण्णा चांगले हायत," मी धापा टाकत म्हणाले. "पोखर्णी."

"पोखर्णीला कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं. पत्रिकेवर पोखर्णी हाय. लगीन जिंतूरला हाय."

ते खाली उतरले, पाकीट उघडलं, कागद बघितला आणि प्लॅटफॉर्मवरच्या सिमेंटच्या बाकावर बसले. मीही बसले. गाडी निघून गेली. मग आधी ते हसायला लागले, मग मी. अण्णा गेले असं वाटून ते आधीच अर्धे रडलेले होते, त्यामुळे ते हसणं आवरता आवरेना. हमाल आमच्याकडे बघत होता. भावजी डोळे पुसत म्हणाले, "पण तुमाला दिसलं कसं? मघाशी तर ठीक म्हणालात." मी सांगितलं की पडद्यावर नाही दिसलं, टेबलावर दिसलं. मला ऊन लागलं असावं, असं त्यांना वाटलं असेल.

घरी आलो तर अण्णा दारात अनवाणी उभे होते. मी वहाणा काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी नातेवाईक, भाऊ, मेंढरं काहीच विचारलं नाही. आत गेले, टेबलाशी वाकले आणि काचेत बघितलं. बराच वेळ बघत राहिले. स्टिकवर सगळी हयात गेलेला माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मग ते घरात गेले आणि दाढी करायचा आपला आरसा घेऊन आले. तो टेबलावर आडवा ठेवला. हलत होता, म्हणून खणातून चार खिळे आणून चार कोपऱ्यांखाली लावले आणि पाणीपातळीत आहे की नाही ते एक डोळा मिटून पाहिलं. काचेपेक्षा आरशात जास्त स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या दाढीसाठी पुढे आम्ही दुसरा आरसा आणला.

भावजींनीही एक चांगलं केलं. त्या रात्री जेवल्यावर बसून त्यांनी पत्रिकेचा एक कोरा साचा तयार केला. नावाच्या जागी नाव नाही, गावाच्या जागी गाव नाही, नुसते ठिपके. नवं काम त्याच्यावरच करायचं, जुन्यावर नाही. एखादा ठिपका राहिला की आरशात तो लगेच दिसायचा. खिळे सोडायचा अण्णांचा नियम असा कॉम्प्युटरमध्ये गेला.

पुढच्या हिवाळ्यात नामांतर झालं आणि आसपासच्या कॉलेजांना एकदम नवी लेटरहेडं लागली. विद्यापीठाचं नवं नाव चांगलं लांब. खिळ्यांचे दिवस असते तर मी कपाळाला हात लावला असता. आता मी ते मोठ्या अक्षरांत, एका ओळीत, डौलात बसवलं आणि आरशात शांतपणे बघितलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी रस्ते अडत होते, माणसं मार खात होती, ते नाव पांढऱ्या कागदावर नीट उमटलं, याचं मला समाधान वाटलं. त्यात र होता, आणि तो कुणाकडून उसना आणलेला नव्हता.

पण तो हिवाळा झाला. मी त्या लगीनसराईचं सांगत होते. ग्यानबाच्या मुलीचं लग्न झालं. लग्नाच्या दिवशी जिंतूरला काय चाललं असेल, याचाच विचार मी करत होते. दोन भावांना पत्रिका मिळाली असेल का, मिळाली तर कुणी वाचून दाखवली असेल का, त्यानं नीट वाचली असेल का. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं होतं आणि तरी मला चैन नव्हतं. दोन-तीन दिवसांनी सकाळी ते दारात आले, हातात बुंदीची पुडी. चपला बाहेर काढल्या आणि या वेळी आत आले.

"समदे आले, बाई," ते म्हणाले. "धाकला तर हळदीच्या आधीच यिऊन बसलाय मैदानात. मांडवबी टाकला नवता. एकटाच, पत्रिका हातात धरून."

मी बुंदी घेतली आणि अण्णांपुढे धरली. त्यांनी चिमूटभर घेतली, तोंडात टाकली आणि बोटं धोतराला पुसली. मग दत्ताभावजींकडे वळून म्हणाले, "त्या परभणीच्या माणसाला कळवलं का, येऊ नको म्हून?"

"कवाच," भावजी म्हणाले.

अण्णा त्या खुर्चीपाशी गेले. प्लास्टिकला नख लागेना, म्हणून त्यांनी खिशातून खिळे उपसायचा चिमटा काढला आणि टोक खुपसून ते वरून खालपर्यंत फाडलं. केवढा तरी आवाज झाला. ग्यानबा दचकले. फाटलेलं प्लास्टिक अण्णांनी गोळा करून काखेत धरलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस, बाई," ते म्हणाले. "लय उभी राह्यलीस."

मी बसले. सासऱ्यांसमोर, परक्या माणसासमोर, भर सकाळी. तोपर्यंत मला कळलंच नव्हतं की माझे पाय दुखत होते.